‘रिस्पेक्ट’ कोणाचं? दोघांचंही नाव छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

तीन आठवड्यांपूर्वी आपल्या रविवारच्या पुरवणीत अमेरिकन गायिका अरेथा फ्रँकलिन यांच्या ‘रिस्पेक्ट’ या गाण्यावर लेख आला होता. बेळगावात, मराठी पेपरात, या गाण्यावर कोणी लिहील असं मला कधी वाटलं नव्हतं. मी तो कापून ठेवला. पण अख्ख्या लेखात एक नाव कुठंच नव्हतं, ते म्हणजे अमेरिकेतलेच गायक ओटिस रेडिंग. गाणं त्यांनी लिहिलं, चाल त्यांची, आणि पहिल्यांदा गायलंही त्यांनीच.

गेल्या रविवारी एका वाचकांचं पत्र आलं. त्यांनी ही चूक दाखवली, बरं झालं. पण पुढं त्यांनी लिहिलं की म्हणजे त्या बाईंनी नक्कलच केली, आणि आपल्याकडचे ऑर्केस्ट्रावाले, बँडवाले तरी दुसरं काय करतात. ते वाचल्यापासून मला चैन नाही. लेखात अर्धं राहिलं होतं, पत्रात उरलेलं अर्धं गेलं. म्हणून हे लिहितो आहे.

मी शहापूरचा. एक्केचाळीस वर्षं लग्नाच्या बँडात ट्रम्पेट वाजवला, त्यातली शेवटची एकोणीस वर्षं मास्तर म्हणून. बँडात मास्तर म्हणजे नुसता पुढं उभा राहून वाजवणारा नव्हे. नवं गाणं आलं की ते दहा-वीस वेळा ऐकायचं, क्लॅरोनेटला काय द्यायचं, ट्रम्पेट कुठं येणार, युफोनियम खालून काय धरणार, ढोल कुठं थांबणार, ही सगळी वाटणी त्यानं करायची. कॅसेटवर साठ व्हायोलिनं वाजत असतात, आणि आपल्याकडं रस्त्यावर चालणारी चौदा माणसं. त्या चौदा माणसांत ते गाणं बसवायचं असतं. नक्कल या शब्दाचा मला एवढा राग का आला ते कळावं म्हणून हे सांगितलं.

हे गाणं मी पहिल्यांदा ऐकलं १९७५ च्या पावसाळ्यात. चातुर्मासात लग्नं नसतात, बँडवाल्याला काम नसतं. बेळगावचा पाऊस आपल्याला माहीत आहे, एकदा लागला की आठ-आठ दिवस उसंत नाही. मराठा लाइट इन्फंट्रीच्या बँडातून निवृत्त झालेल्या एका हवालदारांकडं मी नोटेशन शिकत होतो. त्यांनीच मला कॅम्पातल्या एका गोवेकर सॅक्सोफोन मास्तरांकडं पाठवलं. ‘कागदावरचं मी शिकवलं, आता कानाचं त्यांच्याकडून शीक,’ म्हणाले. मास्तरांच्या खोलीत छपराखाली दोन पातेली ठेवलेली असायची गळतीसाठी, आणि रेकॉर्ड प्लेअरवर जुनी चादर. त्या दिवशी त्यांनी काही न सांगता एक रेकॉर्ड लावली, संपल्यावर दुसरी लावली, आणि विचारलं, ‘गाणं एक की दोन?’

मी म्हटलं, एकच. त्यांनी मान हलवली आणि पुन्हा पहिलीपासून लावलं. असं त्या दुपारी पाच-सहा वेळा झालं.

पहिली रेकॉर्ड ओटिस रेडिंग यांची, १९६५ ची. मेम्फिस शहरातल्या स्टॅक्स या कंपनीच्या स्टुडिओत केलेली. हा स्टुडिओ म्हणजे पूर्वीची टॉकीज. खुर्च्या काढल्या, पण जमीन उतरतीच राहिली, त्यामुळं तिथला आवाज वेगळाच यायचा. मेम्फिसमध्ये तेव्हा काळ्यांचं आणि गोऱ्यांचं जगणं वेगळं होतं, पण त्या टॉकीजमध्ये साथीला काळे आणि गोरे एकत्र बसत. गिटारवर स्टीव्ह क्रॉपर गोरे, ड्रमवर अल जॅक्सन काळे. ट्रम्पेटवर वेन जॅक्सन गोरे, त्यांच्या शेजारी सॅक्सोफोनवर अँड्र्यू लव्ह काळे. मला हे नवल वाटलं नाही, कारण आमच्या बँडात क्लॅरोनेटवाले घरी उर्दू बोलत, ढोलवाले कानडी, मी मराठी, आणि ज्यांच्याकडं शिकत होतो ते मास्तर कोकणी. ‘एक, दोन, तीन’ मात्र सगळे इंग्रजीत मोजत.

ओटिस यांचं गाणं सुरू होतं तेच ट्रम्पेट-सॅक्सोफोनच्या एकत्र धडकेनं. ते एक ओळ गातात, वाद्यं उत्तर देतात. ठेका पळता. हा माणूस घाईत आहे, कामावरून घरी निघालाय. तो बायकोला म्हणतो, मी सगळी कमाई तुझ्या हातात देतो, मी नसताना तू काय करायचं ते कर, पण घरी आलो की मला थोडा मान दे. गाण्यात एवढंच आहे. त्याला मधला वेगळा तुकडा नाही, एका दमात जातं आणि संपतं.

दुसरी रेकॉर्ड अरेथा यांची. १४ फेब्रुवारी १९६७ ला न्यूयॉर्कमध्ये अटलांटिक कंपनीच्या स्टुडिओत केलेली, निर्माते जेरी वेक्सलर. बाई स्वतः पियानोवर. मागं गायला त्यांच्या सख्ख्या बहिणी, कॅरोलिन आणि अर्मा. वडील डेट्रॉइटमधल्या चर्चचे नामांकित धर्मोपदेशक, या मुली चर्चमध्ये गातच वाढलेल्या. त्यामुळं मागं ज्या ओळी येतात त्या कोरस म्हणून उभ्या केलेल्या बायकांच्या वाटत नाहीत. आपल्याकडं भजनात झांजा घेऊन बसलेल्या बायका पुढच्या बाईचा सूर जसा उचलतात, तशा त्या येतात. त्या बहिणी मधेमधे ‘री, री, री’ म्हणतात. ते नुसतं गाण्याच्या शब्दाचं पहिलं अक्षर नाही, अरेथा यांचं घरातलं लाडाचं नाव ‘री’ होतं.

आता त्यांनी बदललं काय, तर शब्द फार थोडे. ओटिस म्हणतात, मी नसताना तू वाईट वागलीस तरी चालेल. अरेथा म्हणतात, तू नसताना मी वाईट वागणार नाही. ओटिस यांच्या गाण्यात पैसा नवऱ्याचा आहे. अरेथा यांच्या गाण्यात पैसा बाईचा आहे, आणि तीच नवऱ्याला सांगते आहे की घरी आलास की मला मान दे. मी, तू, माझं, तुझं, एवढी अदलाबदल, आणि सगळा मजकूर उलटा झाला. शिवाय मूळ गाण्यात नसलेलं एक त्यांनी घातलं. वाद्यं थांबतात आणि बाई आर, ई, एस, पी, ई, सी, टी अशी एकेक अक्षरं म्हणतात. शाळेत मास्तर फळ्यावर छडी टेकवून वाचून दाखवतात तशी. ज्याला अजून कळलं नसेल त्याला स्पेलिंगसकट सांगते, असा तो भाव आहे. आज जगात ‘रिस्पेक्ट’ म्हटलं की लोकांना हीच जागा आठवते, आणि ती ओटिस यांच्या गाण्यात नाही.

अजून एक जागा आहे, ती माझ्या जिवाची. ओटिस यांच्या गाण्यात नसलेला मधला तुकडा अरेथा यांच्या गाण्यात घातला, आणि तो सॅक्सोफोनला दिला. वाजवला किंग कर्टिस यांनी. त्या तुकड्याचे कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारे सूर, सॅम आणि डेव्ह या जोडीच्या दुसऱ्याच एका गाण्यातून घेतलेले आहेत. गाणं एका पट्टीत चाललंय, आणि काही पूर्वसूचना न देता सॅक्सोफोन एकदम लांबच्या पट्टीत उडी घेतो. थोडा वेळ तिथं फिरतो आणि तसाच परत येतो, जणू शेजारच्या घरातून डोकावून आला. कॅम्पातल्या मास्तरांनी ही जागा मला तीन दिवस गिरवायला लावली. ट्रम्पेटवर ती अवघड आहे. ओठ सैल पडले की उडीचा पहिलाच सूर फाटतो. माझा तो सूर पंचवीस-तीस वेळा फाटला असेल. मास्तर दर वेळी चादर बाजूला करून सुई पुन्हा त्याच ठिकाणी ठेवायचे, अंदाजानं, रेकॉर्डला ओरखडा येऊ नये म्हणून जपून.

याला नक्कल म्हणायचं का?

नक्कल कशाला म्हणतात हे मला चांगलं माहीत आहे, कारण मी ती वर्षानुवर्षं केली आहे. नवरदेवाचे मित्र येऊन सांगतात, पिक्चरमध्ये आहे तसंच पाहिजे, इकडचं तिकडं नको. आम्ही तसंच वाजवतो. त्यात कमीपणा काही नाही, ती सुपारी आहे आणि ती चोख पुरी करावी लागते. पण त्याच बँडात दुसरंही घडतं. गोकाक-बैलहोंगलकडची वरात असली की कानडी गाणी मागतात, निपाणी-खानापूरकडं मराठी. दोन्हीकडं आवडलेली चाल घ्यायची तर ठेका बदलावा लागतो, कारण नाचणाऱ्यांचे पाय वेगळे पडतात. तो बदल कुणी लिहून देत नाही, तो मास्तरनं करायचा. निपाणीच्या एका वरातीत मी मुखडा आणि अंतऱ्याच्या मधल्या रिकाम्या जागेत ती किंग कर्टिस यांची उडी बसवली. ठरवून नाही, तोंडात आली आणि वाजवली. युफोनियमवाला दचकून माझ्याकडं बघू लागला. नाचणारी पोरं क्षणभर थबकली, आणि पट्टीवर परत आल्यावर त्यांनी जी ओरड केली ती मला आजही ऐकू येते. पुढं चौकात एक फेटेवाले आजोबा जवळ आले, ‘हे मधलं कुठलं हो मास्तर?’ मी त्यांना सांगितलं, अमेरिकेतल्या एका सॅक्सोफोनवाल्याचं. त्यांनी नाव विचारलं. मी नाव सांगितलं. त्यांनी ते दोनदा म्हणून बघितलं.

पत्रलेखक वाचकांना मी आपल्याच मातीतलं एक उदाहरण देतो. कुमार गंधर्व १९२४ मध्ये जन्मले ते आपल्या सुळेभावीला, बेळगावपासून हाकेच्या अंतरावर. लहानपणी ते मोठमोठ्या गवयांच्या रेकॉर्डी ऐकून हुबेहूब तसंच गायचे, आणि त्यासाठीच लोक त्यांना ऐकायला गर्दी करत. ती नक्कल होती, आणि ती लहान वयात थक्क करणारीच होती. पण पुढं त्याच गळ्यानं त्याच जुन्या बंदिशी अशा गायल्या की ऐकणाऱ्याला वाटावं, ही चीज आजच जन्मली. बंदिशीचे शब्द तेच, राग तोच. ज्यानं बंदिश बांधली त्याचं ऋण आहे आणि ज्यानं ती पुन्हा उभी केली त्याचंही आहे. आपण एकाच बंदिशीला दहा गवयांकडून ऐकतो आणि कुणालाच चोर म्हणत नाही. मग गाणं इंग्रजी झालं, किंवा बँडवाल्यानं वाजवलं, की लगेच नक्कल कशी होते?

आणि ओटिस यांच्यावर अन्याय झाला, बाईंनी त्यांचं गाणं पळवलं, असं समजणाऱ्यांसाठी आणखी थोडं. ‘रिस्पेक्ट’ ज्या तबकडीवर आलं त्याच तबकडीवर ओटिस यांनी सॅम कुक यांची तीन गाणी गायली आहेत, आणि ‘सॅटिस्फॅक्शन’ हे रोलिंग स्टोन्स या गोऱ्या इंग्रज पोरांचं गाणंही. त्या गाण्याची सुरुवात त्यांच्यातल्या कीथ रिचर्ड्स यांनी गिटारवर घरघरत्या आवाजात वाजवली होती. त्यांच्या मनात तिथं ट्रम्पेट-सॅक्सोफोन होते, गिटार फक्त जागा दाखवायला होती, असं त्यांनीच पुढं सांगितलं. ओटिस यांनी ती ओळ उचलली आणि ट्रम्पेट-सॅक्सोफोनला दिली. म्हणजे मूळ गाणाऱ्याच्या मनात होतं ते दुसऱ्यानं गायलेल्या गाण्यात आलं! मला स्वतःला हा किस्सा फार मोलाचा वाटतो. ‘ट्राय अ लिटल टेंडरनेस’ हे १९३२ सालचं गाणं अरेथा यांनी १९६२ मध्ये गायलं होतं, ओटिस यांनी १९६६ मध्ये. तिथं कोण आधी, कोण नंतर, बघा. हे लोक एकमेकांचं ऐकत होते, घेत होते, देत होते.

अरेथा यांचं ‘रिस्पेक्ट’ जून १९६७ मध्ये अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं. त्याच महिन्यात माँटेरीच्या संगीत महोत्सवात ओटिस यांनी हे गाणं गायलं, आणि गाण्याआधी लोकांना सांगितलं की एका मुलीनं हे माझ्याकडून नेलं, ती माझी मैत्रीण आहे. त्यानंतर सहा महिन्यांत, १० डिसेंबर १९६७ ला, विस्कॉन्सिनमधल्या मॅडिसन शहराजवळ त्यांचं विमान तळ्यात कोसळलं. वय फक्त सव्वीस. पुढच्या वर्षी अरेथा यांना या गाण्यासाठी दोन ग्रॅमी पुरस्कार मिळाले. पुढं कित्येकांनी ते गायलं. स्टीव्ही वंडर यांनी गायलं, १९८९ मध्ये अडेवा या गायिकेनं यंत्राच्या ठेक्यावर गायलं. मी जे ऐकलं त्यातलं बहुतेक अरेथा यांच्या वाटेनं जातं. ओटिस यांच्या वाटेनं परत कोणी फारसं गेलं नाही, याचं मात्र मला वाईट वाटतं. त्यांचं गाणं कमी नाही. त्यातला तो दमलेला, घाईचा आवाज मला रात्री दीड वाजता वरात पोचवून सायकलवर घरी येताना आठवायचा.

इथं घरातलं एक सांगतो. मीही आयुष्यभर बिदागीचं पाकीट न फोडता बायकोच्या हातात दिलं आणि मला वाटायचं, झालं आपलं कर्तव्य. रात्री आलो की पाणी गरम पाहिजे, भाकरी झाकलेली पाहिजे. ती दिवसभर वडगावच्या साड्यांना फॉल-पिको करायची, खिडकीपाशी मशीनवर वाकून. एकदा मुलीनं मोबाइलवर ही दोन्ही गाणी लावली आणि आईला अर्थ सांगितला. ओटिस यांचं ऐकून बायको म्हणाली, ‘हे तुमचं.’ दुसरं ऐकून थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, ‘बरोबर बोलली की ती. पैसे मीपण आणते न्हवं घरात?’ छत्तीस वर्षांच्या संसारात ती हे पहिल्यांदा बोलली. मी लावण्यांच्या चाली पुष्कळ वाजवल्या आहेत. त्यात बाईचं मन शाहिरानं लिहायचं आणि बाईनं ते गायचं. इथं पुरुषानं पुरुषाचं मन लिहिलं आणि बाईनं ते घेऊन स्वतःचं केलं. असं माझ्या वाजवण्यात दुसरं आलेलं नाही.

आता पैशाचं, कारण पत्रलेखकांनी त्याकडं लक्ष दिलेलं दिसत नाही. अमेरिकेत साध्या रेडिओवर गाणं वाजलं की पैसे लिहिणाऱ्याला आणि चाल करणाऱ्याला मिळतात, गाणाऱ्याला नाहीत. त्यामुळं अरेथा यांचा आवाज पन्नास वर्षं रेडिओवर वाजला तरी त्या वाजण्याचे पैसे ओटिस यांच्या घरच्यांकडं जात राहिले. २०१८ मध्ये अरेथा गेल्या, तोपर्यंत हेच. म्हणजे त्यांनी ‘पळवलं’ असेल तर त्यातून रेडिओचे पैसे तरी त्यांना मिळाले नाहीत. आपल्याकडं मालकाच्या परवानगीशिवाय नव्यानं गाणं रेकॉर्ड करायचं तर मूळ रेकॉर्डिंगनंतर पाच वर्षं थांबावं लागतं, आणि मूळ मालकाला रॉयल्टी द्यावी लागते, असा कायदा २०१२ मध्ये झाला. वरात मात्र कायद्यानंच त्यातून सोडलेली आहे. लग्नाच्या मिरवणुकीत वाजवलेल्या गाण्याची रॉयल्टी लागत नाही. आमच्यासारख्या पोटावर वाजवणाऱ्यांची ती सोय झाली, हे मी मान्य करतो. पण त्यामुळं त्या गाण्याचे आम्ही एका पैशाचेही देणेकरी नाही, आणि म्हणूनच निदान नाव घेणं हे माझ्या मते आमचं देणं आहे. मास्तर असताना मी पोरांना सांगायचो, नवं गाणं बसवताना आधी चाल कुणाची ते सांगा, मग वाद्य हातात घ्या.

आपल्या पेपराकडं माझं मागणं त्यामुळं दोन ओळींचं आहे. पहिलं, ‘रिस्पेक्ट’च्या लेखाची दुरुस्ती छापावी, आणि ती छापताना ‘मूळ गाणं ओटिस रेडिंग यांचं’ एवढ्यावर थांबू नये. गीत आणि चाल ओटिस रेडिंग, १९६५. गायन, पियानो आणि नवी बांधणी अरेथा फ्रँकलिन, मागं कॅरोलिन आणि अर्मा फ्रँकलिन, सॅक्सोफोन किंग कर्टिस, १९६७. असं पूर्ण छापावं. जागा कमी असेल तर माझं हे पत्र अर्धं कापा, चालेल, पण ही नावं ठेवा.

दुसरं, येत्या गणेशोत्सवात मंडळांच्या ऑर्केस्ट्राच्या बातम्या आपण छापाल, शिवजयंतीच्या चित्ररथांच्याही छापता. त्यात पाहुण्यांची आणि देणगीदारांची नावं असतात, गाणाऱ्याचंही कधी असतं. ती गाणी ज्यानं वाद्यांवर बसवली, रात्र-रात्र जागून कागदावर पेन्सिलीनं वाटणी लिहिली, त्या माणसाचं नाव मी माझ्या एक्केचाळीस वर्षांत एकाही बातमीत वाचलं नाही. आपल्या वार्ताहरांनी कार्यक्रमानंतर स्टेजच्या मागं जावं. केबल गुंडाळणाऱ्या पोरांत एक जण वह्या गोळा करत असतो. त्याला विचारावं, हे बसवलं कुणी?

कॅम्पातले ते गोवेकर मास्तर आता नाहीत. त्यांची ती दुसरी रेकॉर्ड माझ्याकडं आहे. किंग कर्टिस यांच्या उडीच्या जागी तिच्यावर एक बारीक पांढरी रेघ पडली आहे, माझ्यासाठी पंचवीस-तीस वेळा सुई ठेवल्याची. आपल्यापैकी कुणाला ऐकायची असेल तर शहापुरात केव्हाही या. प्लेअर चालू आहे.

आपला,
एक निवृत्त बँडमास्तर
शहापूर, बेळगाव